मुस्तफाची पेटी, सोयाबीनचे कट्टे अन् २८ चा होल सॉ

आधीच सांगून ठेवतो, मी सुतार नाही. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर चालवतो, सातबारा, पीक विमा, शिष्यवृत्ती, हेच रोजचं काम. कॉम्प्युटर खोलून परत जोडणं जमतं, पण लाकडातलं म्हणाल तर शाळेत कार्यानुभवाच्या तासाला एक फोटोफ्रेम केली होती आणि ती पण शेवटी बाबांनीच पुरी केली होती. असा माणूस घरी व्हिडिओ गेमची उभी पेटी बनवायला निघाला तर काय होते ते लिहून राहिलो.

खूळ जुनं आहे. १९९८-९९ च्या सुमारास आम्ही मूर्तिजापूरकडं मामाच्या गावाला जायला शकुंतला धरायचो, छोट्या रुळाची गाडी, आणि ती कधी टाइमावर यायची नाही. दारव्ह्याच्या मोतीबाग स्टेशनच्या रस्त्यावर एका टिनाच्या टपरीत व्हिडिओ गेमच्या दोन मशीन होत्या. एका रुपयात एक कॉइन. गाडी जेवढी लेट तेवढी आमची चैन, फक्त खिशात रुपये पाहिजेत, जे नसायचे, मग दुसऱ्याच्या खांद्यावरून पाहत उभं राहायचं. गेमला सगळे ‘मुस्तफा’ म्हणत. पिवळ्या टोपीवाला पळत येऊन लाथ मारायचा तो मुस्तफा. गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’, कॅपकॉम कंपनीनं १९९३ ला काढलेला, हे मला नोकरीधंद्याला लागल्यावर कळलं. टपरीवाल्याला तरी माहीत असेल का, शंकाच आहे.

तर यंदा संक्रांतीनंतर कापूस विकून झाला होता, सेंटरमध्ये एक जुना आय-३ कॉम्प्युटर आणि १७ इंची चौकोनी मॉनिटर धूळ खात पडला होता, आणि पोरगं नऊ वर्षांचं, दिवसभर मोबाइलमध्ये तोंड घालून. म्हटलं बनवूच. दोन आठवड्यांत होईल असा माझा अंदाज होता. पेटी उभी झाली पोळ्याला.

घरात हत्यारं काय होती तर एक करवत (तुराट्या कापून कापून दात बोथट झालेली), हातोडी, पकड, कानस आणि एक ड्रिल मशीन, जी डिश टीव्हीची छत्री लावायला घेतली होती. बस. वळणं कापायची जिगसॉ नाही, लाकूड कोरायचं राउटर मशीन नाही, फळ्या आवळून धरायचे क्लॅम्प नाही. यवतमाळच्या दुकानातून १८ मिमीची प्लाय आणली, ८ बाय ४ ची अख्खी शीट. दुकानदार म्हणे कटिंग इथंच करून देतो, आणि मी शहाणा, म्हटलं नको, घरी निवांत करतो. इथं पहिली माती खाल्ली. शीट गावापर्यंत आणायला छोटा हत्तीवाल्यानं जे घेतले ते घेतले, वरून घरी आल्यावर आठ फुटी फळी कापायची कुठं हा प्रश्न. शेवटी कोठ्यात दोन बाजा उलट्या टाकून त्यावर ठेवली. बैल पाहून राहिले की हे काय चाललं.

डिझाइन मी पुठ्ठ्यावर काढलं, कूलरच्या खोक्याच्या. नेटवर जे फोटो दिसतात त्यात बाजूच्या फळ्यांना मस्त वळणं असतात. आपल्या करवतीनं वळण कापता येत नाही हे मला कापायला घेतल्यावर कळलं, तेव्हा सगळी वळणं रद्द, सरळ रेघा तेवढ्या ठेवल्या. दिसायला आता ती पेटी अर्धी एटीएम आणि अर्धी देव्हारा दिसते. पण सरळ रेघ तरी सरळ यावी ना, करवत वरून रेघेवर आणि खालून बोटभर बाहेर. आणि कडेनं प्लायचा वरचा पापुद्रा असा उडून राहिला जसा भाजलेल्या शेंगदाण्याचा.

तेव्हा मी गावातल्या सुतारकाकांकडे गेलो. काकांचं वय सत्तरच्या वर, पूर्वी वखर, डवरं, बैलगाडीची चाकं करायचे, आता ट्रॅक्टर आले तर ते काम गेलं, आता मुख्य काम तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे पोरांच्या पोळ्याचे, लाकडी नंदी. त्यांनी माझी फळी हातात घेतली, वाकवून पाह्यली, वास घेतला.

“हे लाकूड होय?”

“प्लाय आहे काका.”

“पुट्ठा होय हा. आन् हे काऊन अशी कुरतडली? उंदरानं खाल्ली का?”

मग त्यांनी दाखवलं की करवत चालवायच्या आधी रेघेवरून धारेच्या सुरीनं चांगला दाबून चिरा मारायचा, म्हणजे वरचा पापुद्रा आधीच कापला जातो आणि उडत नाही. मी त्यावर सेलोटेप पण लावली, दोन्हीनं मिळून फरक पडला. आणि दोन्ही बाजूच्या फळ्या वेगवेगळ्या कापायच्या नाहीत, एकावर एक ठेवून बांधून एकदमच कापायच्या, म्हणजे चुकल्या तरी दोन्ही सारख्याच चुकतात. हे दुसरं वाक्य काकांचं, माझं नाही.

क्लॅम्पचं काम सायकलच्या जुन्या ट्यूबनं केलं. ट्यूब उभी चिरून लांब पट्टे काढायचे आणि ताणून ताणून गुंडाळायचे, काय पकड बसते, विकतच्या क्लॅम्पला पण बसणार नाही. आणि जिथं फेविकॉल लावून सपाट दाब पाहिजे तिथं सोयाबीनचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती. भाव नव्हता म्हणून बाबांनी सोयाबीन विकलं नव्हतं, दहा-बारा कट्टे घरातच पडलेले, त्यातले दोन माझ्या पेटीवर. आई येता-जाता म्हणायची, “बाबू, त्या कट्ट्याले भोक पडलं तं तूच येचशीन दाणे.” पडलं. वेचले.

आता मापाची चूक सांगतो, कारण ती कोणी सांगत नाही आणि प्रत्येक नवशिका करतोच. पेटीची रुंदी बाहेरून ६० सेंमी धरली. मग आतल्या फळ्या, म्हणजे तळ, मधला खण, वरचं झाकण, सगळ्या ६० च्याच कापल्या. अरे बाबा, दोन्ही बाजूला १८-१८ मिमीची प्लाय आहे, आतलं माप ५६.४ येणार! पाचही फळ्या कापून झाल्यावर रात्री झोपताना डोक्यात ट्यूब पेटली. सकाळी पाचही फळ्या परत कापल्या, प्रत्येकीचा ३.६ सेंमीचा पट्टा वाया. त्या पट्ट्यांचे पुढं बटणांच्या खाली ठेवायला ठोकळे झाले, एवढंच समाधान.

जोडायला मी सरळ प्लायच्या कडेत स्क्रू मारले. कडेतून स्क्रू गेला की प्लायचे थर पुस्तकासारखे उघडतात. काका आले, बघून काही बोलले नाहीत, घरी जाऊन जुन्या दाराच्या चौकटीच्या सागवानी पट्ट्या घेऊन आले, इंच बाय इंच. कोपऱ्यात आतून पट्टी लावायची, पट्टीतून दोन्ही फळ्यांच्या पोटात स्क्रू, आणि त्याआधी बारीक ड्रिलनं भोक. पट्टीला पहिल्यांदा भोक पाडलं तेव्हा आतून तेलकट लालसर भुगा निघाला आणि वास आला. साठ-सत्तर वर्षांची चौकट होती ती, तरी आतून ताजी. काका म्हणाले, “याले म्हणते लाकूड.” माझ्या प्लायला उद्देशून होतं ते.

पेटी काटकोनात आहे का ते पाहायला माझ्याकडे गुण्या नव्हता. काकांनी खिशातून सुतळी काढली, एका कोपऱ्यापासून तिरप्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत धरली, गाठ मारली, मग दुसऱ्या तिरप्या जोडीवर तीच सुतळी लावली. बोटभर फरक. दोन्ही तिरपी मापं सारखी आली की चौकोन बरोबर, हे आपण शाळेत शिकलो असतो पण वापरलं कोणी? मी वरच्या कोपऱ्याला खांदा लावून रेटलं, काकांनी परत सुतळी लावली, गाठ बरोबर टोकावर आली, तसंच रेटून धरलेलं असताना त्यांनी स्क्रू मारले. माझा खांदा दोन दिवस दुखत होता.

सगळ्यात जास्त जीव खाल्ला तो बटणांच्या फळीनं. जॉयस्टिक-बटणांचा दोन खेळाडूंचा किट ऑनलाइन मागवला, ३८०० रुपये, दोन जॉयस्टिक, बटणं आणि दोन छोटे यूएसबी बोर्ड. बटणं ३० मिमीची, स्टार्ट आणि कॉइनची २४ ची. दारव्ह्याला हार्डवेअरमध्ये होल सॉचा, म्हणजे ड्रिलला लावून गोल भोक पाडायच्या करवतीचा, सेट मिळाला, त्यात २८ होता आणि ३२ होता. ३० नव्हता. ३२ नं पाडलं तर बटण आत हललं असतं, म्हणून २८ नं पाडून कानसनं घासत ३० करायचं ठरवलं. बारा मोठी भोकं. एका भोकाला सुरवातीला अर्धा तास, नंतर हात बसला तर पंधरा मिनिटं. कानस गोल नव्हती, चपटी होती, तर जुन्या टॉर्चच्या नळीला पॉलिश पेपर गुंडाळून आतून फिरवायचो, दर दोन मिनिटांनी बटण घालून पाहायचं, जात नाही, परत घासायचं, परत पाहायचं, आणि मग एकदा ते ‘टक’ करून आत बसायचं. त्या टकचा आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो. होल सॉ एकाच बाजूनं आरपार काढला तर खालचा पापुद्रा फाटतो, म्हणून मधली बारीक ड्रिल खाली निघाली की थांबायचं, फळी उलटी करायची आणि त्या भोकावरून दुसऱ्या बाजूनं. पहिल्या दोन भोकांना हे माहीत नव्हतं, ती खालून पाहू नका.

जॉयस्टिकची वेगळीच गंमत. १८ च्या प्लायला खालून लावली तर दांडी वर जेमतेम बोंडाएवढी आली, मुठीत धरायला काहीच नाही. कारण त्या जॉयस्टिक मुळात पातळ पत्र्यासाठी बनवलेल्या असतात. मग खालून पटाशीनं खड्डा कोरायचा ठरलं, ९-१० मिमी खोल, जॉयस्टिकच्या पत्र्याच्या मापाचा. पटाशी काकांची. मी कोरायला बसलो आणि दहा मिनिटांत पटाशी थरात अडकून अख्खा तुकडा उपसला. काकांनी माझ्या हातातून पटाशी घेतली, पाण्याचे दोन थेंब दगडावर टाकून धार लावली, मनगटावरचे केस काढून पाह्यले आणि म्हणाले, “भोथर पटाशीच हात कापते, धारेची नाही कापत.” मग चारी बाजूनं आधी उभे घाव, मग आडवे, थर थर करून काढला. मी दुसरा खड्डा केला, तो पण नीट झाला. म्हणजे बऱ्यापैकी.

वायरिंग दोन तासांत झालं. इथं मी हुशार होतो, निदान मला तसं वाटलं. पहिल्यांदा चालू केलं तर मुस्तफा वर ढकलला की खाली जायचा आणि डावीकडे ढकलला की उजवीकडे. मला वाटलं सेटिंग बिघडली, अर्धी रात्र मेनूत घालवली. गोष्ट इतकी सोपी: जॉयस्टिकची दांडी मध्यावर टेकलेली असते, वरचं टोक पुढं ढकललं की खालचं टोक मागं जातं आणि मागचा मायक्रोस्विच दाबतं. म्हणजे ‘वर’ची वायर खालच्या स्विचला लावायची असते. ढेकीसारखं आहे बघा. चार वायरी अदलाबदल, काम खल्लास.

कॉम्प्युटरसाठी बॅटोसेरा म्हणून जुने गेम चालवायची फुकट सिस्टीम मिळते, ती पेनड्राइव्हवर टाकून त्यावरूनच चालू केली, हार्ड डिस्कला हात लावायची गरज नाही. जुने आर्केड गेम चालवायचा मेम हा प्रोग्राम १९९७ पासून आहे. गेमच्या फायलींचं मात्र पाहून करा, बहुतेक गेमचे हक्क आजही कंपन्यांकडे आहेत. मेमच्या स्वतःच्या साइटवर ग्रिडली, रॉबी रोटो असे काही गेम मालकांच्या परवानगीनं फुकट ठेवलेत, मशीन तपासायला ते पुरतात. आणि मॉनिटर जुना चौकोनीच घ्या. हे गेम चौकोनी काचेच्या टीव्हीसाठी काढलेले, नव्या लांब स्क्रीनवर ताणून लावले की मुस्तफा रेशनच्या पोत्यासारखा दिसतो.

एक गोष्ट मात्र सिरीयसली वाचा. सगळं जोडून झालं, मी अनवाणी, खाली सारवलेली जमीन, मॉनिटरच्या वायरचा स्क्रू पिळायला हात लावला आणि बोटांना मुंग्या. टेस्टर लावला तर सीपीयूच्या डब्यावर मंद लाइट. आमच्या जुन्या घराला अर्थिंगच नव्हतं, बोर्डावर तिसरं भोक आहे पण त्याच्या मागं वायरच नाही. सीपीयूच्या पॉवर सप्लायमधले फिल्टरचे कपॅसिटर डब्याला जोडलेले असतात, अर्थिंग नसलं की डब्यावर लाइनच्या अर्ध्याच्या आसपास व्होल्टेज येऊन बसतं. करंट थोडा असतो म्हणून मुंग्यांवर भागलं, पण उद्या आत काही बिघडलं तर? आणि खेळणार कोण, लहान पोरं, पावसाळ्यात ओल्या पायांनी. त्या दिवशी प्लग काढला तो वायरमन येईपर्यंत लावला नाही. त्यानं अंगणात खड्डा करून पाइप ठोकला, मीठ-कोळसा टाकला, तिथून वायर आणली. हा खर्च माझ्या हिशेबात नव्हता, पण बायको म्हणाली की तुमच्या त्या खेळापायी का होईना घराला अर्थिंग तर झालं, फ्रिजचा पण शॉक बसायचा तो बंद झाला. मला फ्रिजचं कधी सांगितलंच नव्हतं तिनं!

रंग मे महिन्यात दिला, काळा ऑइलपेंट. ४५ डिग्री, दुपारी ब्रश फिरवला की मागं मागं वाळून राहिला, ब्रशच्या रेघा तशाच. वरून एक वावटळ आली आणि अर्धा कोठा येऊन चिकटला. परत घासला, परत रात्री दिला. स्पीकर मी हॉट ग्लूनं चिकटवले होते, टिनाखालच्या त्या गरमीत ग्लू नरम पडला आणि एक दिवस दोन्ही स्पीकर आत सीपीयूवर येऊन पडले. आता स्क्रूनं लावलेत. मागचं झाकण पैसे वाचवायला एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं, केलं होतं, जुलैत टिन गळला आणि झाकणाचा खालचा कोपरा भिजून पावासारखा फुगला. तेवढा कापून तिथं बारीक जाळी लावली, म्हणजे हवा पण जाते आणि उंदीर येत नाही. उंदरानं आधीच एक वायर खाल्ली होती, दुसऱ्या खेळाडूचं जंपचं बटण, चार दिवस मला वाटलं बोर्ड गेला. पायांना खालून जळकं ऑइल पाजलंय, उधईसाठी. त्याचा वास अजून येतो, आईला आवडत नाही.

आणि पोळा आला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, गल्लीतली सगळी पोरं आपापले नंदी सजवून घरोघरी बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागत फिरून राहिली होती. आमच्या घरात शिरली आणि पेटी दिसली. झालं. सहा नंदी पेटीसमोर रांगेत उभे, काकांच्या हातचे सगळे, झुली आणि बेगड लावलेले, आणि पोरं बटणांवर. करंजीचं तूप बोटांना, दोन नंबरचं बटण तेव्हापासून थोडं चिकटते.

काकांचा नातू सगळ्यात लहान. त्यानं बोजाऱ्यातलं दोन रुपयांचं नाणं काढलं आणि पेटीच्या चारी बाजूनं फिरून आला.

“पैसे कोठून टाका लागते?”

मी म्हटलं, पैसे नाही लागत, हे पांढरं बटण दाबलं की कॉइन पडते. त्याला पटलं नाही. माझ्या पोरालाही पटलं नाही. पैशाशिवाय चालते म्हणजे मशीन खोटी, असा त्या दोघांचा निकाल.

काका संध्याकाळी नातवाला न्यायला आले तेव्हा त्यांच्याजवळ हे गाऱ्हाणं गेलं. त्यांनी काही न बोलता घरून पटाशी आणली, बटणांच्या फळीखाली समोरच्या फळीत पेन्सिलनं दोन रेघा मारल्या, आणि मी रंग-रंग म्हणून ओरडेपर्यंत आरपार चीर पाडली पण. आत मी जवसाच्या तेलाचा रिकामा डबा टांगला. नाणं टाकलं की डब्यात खणकन वाजते, कॉइन काही पडत नाही, त्यासाठी पांढरं बटण अजून दाबावंच लागते. काल डबा काढून पाह्यला तर १७ रुपये, एक बटण सदऱ्याचं आणि नंदीच्या गळ्यातला एक घुंगरू.